ज्ञानदेव आणि चालू लाईन

आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये, जिथे चार स्कूटरी सुखाने राहत होत्या, तिथे ज्ञानदेवांनी एक चाकांवरची खोली आणून उभी केली. सेक्रेटरी या नात्याने मी फळ्यावर नोटीस लावली. ज्ञानदेवांनी तिच्याखाली बॉलपेनने 'वाचली' असं लिहिलं आणि खोली तिथेच राहिली. नारायण पेठेतून विश्रांतवाडीत राहायला आल्यापासून माझ्या नोटिशीला इतकं सभ्य उत्तर कोणी दिलं नव्हतं.

जीपच्या मागे अडकवून न्यायची ही खोली त्यांनी खडकीच्या एका निवृत्त फौजी माणसाकडून घेतली होती. आत दोघांपुरती गादी, एक शेगडी, छताला पंखा आणि तो चालवायला बारा व्होल्टची बॅटरी. स्टिरिओ मात्र त्यांनी बाहेरून आणून स्वतः बसवला, आणि तिथेच घोडं पेंड खाऊ लागलं. नुसता स्टिरिओ लावला तर छान वाजे. पंखा सुरू केला की स्टिरिओ थोड्या वेळात मान टाके, आपोआप जागा होई, पुन्हा मान टाके. एप्रिलच्या उन्हात पत्र्याच्या खोलीत पंख्याशिवाय झोपायला माणूस योगीच पाहिजे.

आणि सगळा प्रश्न झोपेचाच होता. ज्ञानदेवांच्या पत्नी वेणूबाई पत्र्याची झाकणं ठोकणाऱ्या एका वर्कशॉपमध्ये बरीच वर्षं कामाला होत्या. ते काम ज्ञानदेवांनीच मिळवून दिलं होतं. काम सुटलं, पण कानातली ठोकाठोक सुटली नाही. डॉक्टर म्हणाले, हे असंच राहणार. रात्री खोलीत रेडिओ हलक्या आवाजात चालू असेल तर तो आवाज जरा झाकला जाई आणि त्यांचा डोळा लागे. त्यामुळे घराबाहेर रात्र काढणं बंद झालं. लग्न असो की बारसं, बाई त्याच दिवशी परत. लोणारकडे त्यांची थोरली बहीण अंथरुणाला खिळून होती. ती दर फोनला म्हणायची, एक रात्र राहा गं माझ्याजवळ. वेणूबाई हो म्हणायच्या, पण जाणं काही व्हायचं नाही.

"मोबाईल ठेवा की उशाशी," मी एकदा सुचवलं.

"त्या चिरक्या आवाजानं कानातलं आणखी चेकाळतं, सेक्रेटरी," त्या म्हणाल्या. "आवाज खोलीभर भरून पाहिजे."

म्हणून ही खोली, म्हणून हे स्टिरिओचे चार स्पीकर. बहिणीच्या दारात खोली उभी करायची, दिवसरात्र तिच्यापाशी बसायचं आणि झोपेपुरतं इकडे यायचं, असा बेत होता. पण वेणूबाईंनी अट घातली होती: आधी इथे एक दुपार झोपून बघते. झोप लागली तर निघू. नाही लागली तर खोली विकून टाका.

आता तुम्ही म्हणाल, ज्ञानदेव भोसरीच्या कारखान्यात इलेक्ट्रिशियन म्हणून निवृत्त झालेले, त्यांना बारा व्होल्ट ते काय? मीही तेच म्हणत होतो, जरा मोठ्याने. त्यांनी बॅटरी बदलली, फ्यूज बदलला, जाड तार टाकली, शेवटी स्टिरिओच बदलून आणला. रोज मीटर घेऊन सगळं तपासत. सगळं ठीक दिसे आणि संध्याकाळी स्टिरिओ पुन्हा मान टाके.

खोट त्यांच्या तपासण्यात होती. ज्ञानदेव आधी सगळं बंद करत, मेन स्विच पाडत आणि मगच जागोजागी मीटर लावत. कारखान्यात सोनबा नावाचा त्यांचा जोडीदार होता. लाईन बंद आहे असं कोणीतरी सांगितलं म्हणून त्याने पॅनलमध्ये हात घातला, आणि लाईन बंद नव्हती. ज्ञानदेव बाजूलाच उभे होते. त्या दिवसानंतर ते चालू तारेला कधी शिवले नाहीत. बारा व्होल्टने मुंगीसुद्धा मरत नाही हे त्यांना पाठ होतं, पण हाताला ते कोण समजावणार? आणि सगळं बंद करून बघितलं तर दोष दिसणार कसा? तो तर पंखा आणि स्टिरिओ एकत्र ओढायला लागले की डोकं वर काढायचा.

परीक्षेची दुपार उजाडली. माझ्या वामकुक्षीच्या वेळी खालून रेडिओ ऐकू येऊ लागला, मध्येच तुटू लागला. सलग वाजता तर मी सहन केलं असतं. तुटक आवाजाने माझं डोकं फिरलं आणि मी तणतणत खाली उतरलो.

ज्ञानदेवांनी ओठांवर बोट ठेवून मला थांबवलं. आत वेणूबाई गादीवर पडल्या होत्या. डोळे मिटलेले, पण आवाज तुटला की कपाळाला आठी पडे.

"बंद करून बघा की," मी कुजबुजलो.

"बंद केलं तर उठेल ती. मग संपलंच."

ते मीटर घेऊन खोलीच्या पुढच्या टोकाला वाकले. जीपला अडकवायच्या लोखंडी दांड्यावर एका बोल्टला सगळ्या अर्थिंगच्या, म्हणजे वीज बॅटरीकडे परत नेणाऱ्या, तारा कसल्या होत्या. मीटरचं एक टोक त्यांनी बॅटरीच्या मायनसला लावलं. दुसरं बोल्टवरच्या तारांपर्यंत नेऊन त्यांनी दोनदा मागे घेतलं. शेवटी टेकलं. जिथे जवळजवळ शून्य दिसायला हवं तिथे मीटर तीन व्होल्ट दाखवत होता. गंजू नये म्हणून दांड्याला त्यांनीच रंगाचे दोन हात दिले होते आणि तारा त्या रंगावर कसल्या होत्या. रंगातून पुरेशी वीज जाणार कशी?

त्यांनी पकड घेतली आणि तारांची टोकं बोल्टवर आवळून धरली. मीटर खाली आला. आतला रेडिओ सरळ वाजू लागला. पकड सैल झाली की पुन्हा तुटे, म्हणून त्यांनी ती सैल होऊ दिली नाही. ऊन सरकत त्यांच्या पाठीवर आलं. मी म्हटलं, थोडा वेळ मी धरतो. ते म्हणाले, "तुमचा हात हलेल." खरं तर मला राग यायला हवा होता. मी वर जाऊन छत्री आणली आणि त्यांच्या डोक्यावर धरून उभा राहिलो. हा प्रकार सोसायटीतल्या कोणी पाहिला नाही, अशी मी आशा करतो.

चहाच्या वेळेला वेणूबाई दारात आल्या. केस विस्कटलेले, गालावर उशीची घडी.

"कधीपासून धरून बसलात?"

"आत्ताच."

त्यांनी नवऱ्याच्या हाताकडे पाहिलं. बोटं पकडीभोवती आखडली होती, ती त्यांनी एकेक करून सोडवली. मग तिथेच पायरीवर बसून बहिणीला फोन लावला.

"अक्का, मी येतेय," त्या म्हणाल्या. "नाही गं, तशी नाही. मुक्कामाला."