उपरण्याखालची मूठ

आप्पासाहेबांचा हात माझ्या उपरण्याखाली होता आणि अर्धा बाजार आमच्याकडे बघत होता.

मी घोडेगावच्या बाजारातला बैलांचा दलाल. आमच्यात भाव तोंडानं बोलत नाहीत. उपरण्याखाली हातात हात घ्यायचा आणि बोटं दाबून आकडा सांगायचा. बघणाऱ्याला काही कळत नाही. खाली जे झालं ते दलालानं बाहेर फोडायचं नाही, फोडलं तर पुढच्या बाजारापासून त्याच्या हातात कुणी हात देत नाही. दुसऱ्याची गुरं वळणारा मी दलाल झालो तो हा नियम पाळून.

बहात्तरचा दुष्काळ अजून यायचा होता. आप्पासाहेब आमच्या भागातले जिल्हा परिषदेचे मेंबर. निवडणूक जवळ आली होती, म्हणून बाजारात हात जोडत फिरत होते.

आमच्या गावात सरकारी आरोग्य केंद्र होतं. इमारत नवी, शेजारी डॉक्टरला राहायला क्वार्टर. त्या क्वार्टरमध्ये कंपाउंडरच्या शेळ्या राहायच्या. डॉक्टर तालुक्याच्या गावी स्वतःचा दवाखाना चालवायचे आणि पगार आमच्या केंद्राचा घ्यायचे. माझी मुलगी मंदा पहिल्या बाळंतपणाला घरी आली, तेव्हा केंद्राला कुलूप होतं. तालुक्याला नेताना मूल बैलगाडीतच दगावलं. आता ती दुसऱ्या बाळंतपणाला आमच्याकडे आली होती.

परिषदेपुढे एक ठराव आला होता. डॉक्टरनं क्वार्टरमध्येच राहायचं, खासगी प्रॅक्टिस बंद. ठराव मीटिंगला निघाला की आप्पासाहेब म्हणायचे, पुढच्या वेळी घेऊ.

मी त्यांना दावणीपाशीच अडवलं.

"आप्पासाहेब, त्या डॉक्टरच्या ठरावाचं काय?"

"उत्तम ठराव हाय, तात्या. माझा पूर्ण पाठिंबा."

"काही खोट?"

"एक पन न्हाई."

तिथंच मला संशय आला. ज्याला बैल घ्यायचा असतो तो खोट काढतो. दात बघतो, खूर दाबतो, वशिंड बारीक आहे म्हणतो. नुसतंच कौतुक करणारा चहा पिऊन निघून जातो.

"मग दर मीटिंगला ढकलता कशापायी?" माझा आवाज चढला.

त्यांच्याबरोबरचा रामभाऊ मध्ये पडला. "तात्या, तुमी बैलांची तोंडं बघा. राजकारन आमच्याकडं ऱ्हाऊ द्या."

"तुझं बी बघतो की. ये हिकडं, समदे दात आलेत का अजून दोन दातांचं वासरू हायेस ते कळंल."

लोक हसले. मी खांद्यावरचं उपरणं हातावर पसरलं.

"आप्पासाहेब, द्या हात. ठरावाला मत देनार असाल तर पंजा उघडा. न्हाईतर मूठ."

त्यांना गर्दी आवडली. स्वतः शेतकरी, माझ्या हातानं कितीतरी जोड्या घेतलेल्या. त्यांनी हसत हात खाली घातला. उपरण्याखाली खोटं सांगायची आमच्यात रीत नाही. मग माझ्या तळव्यात त्यांची मूठ आली, घट्ट.

ते माझ्या कानाशी वाकले. "डॉक्टर आमचं पावनं हायेत. समजून घ्या." मग हात बाहेर काढून मोठ्यानं म्हणाले, "सौदा झाला!"

टाळ्या पडल्या. माझ्या तोंडाशी शिवी आली होती, ती गिळली. माणसानं हिशेब बरोबर केला होता. लोकांना टाळी द्यायची, दलालाला खरं सांगायचं, आणि दलाल बोलणार नाही.

घरी बायकोनं विचारलं, "टाळ्या पडल्या म्हनं बाजारात?"

"पडल्या. मंदाला हिथं ठेवायचं न्हाई. नगरला माझ्या भावाकडं ठेवू. दवाखाना जवळ हाय."

ती उठली. मंदाची लुगडी काढून गाठोडं बांधायला बसली.

पुढच्या बाजारच्या दिवशी मी मंदाला घेऊन निघालो. गाडीत गादी, गाठोडं, आणि रस्ता मुद्दाम बाजारातून. माझं जुनं गिऱ्हाईक धोंडिबा आडवा आला.

"तात्या, पोर कुठं?"

"नगरला. बाळंतपनाला."

"आन् गावचं केंद्र? सौदा तर तुमीच केला."

"केला."

धोंडिबानं तंबाखू थुंकली आणि बाजूला झाला. आमच्या बाजारात दलाल स्वतःच्या गाडीला कुठला बैल जुंपतो, यावर सगळ्यांची नजर असते. संध्याकाळपर्यंत जे समजायचं ते सगळ्यांना समजलं.

रामभाऊ घरी आला. "तात्या, तुमी खालचं फोडलं."

"कुनाला काय बोललो? एक मानूस आनून उभा कर."

"मग पोर का हलवली?"

"माझी पोर कुठं न्यायची ते बी साहेबांना इचारू? चल, ऊठ ओट्यावरनं."

मंदाला नगरला मुलगी झाली. दोघी सुखरूप.

आप्पासाहेब निवडून आले. आमच्या गावानं मात्र त्यांना मतं दिली नाहीत. ठराव पुढच्या मीटिंगलाच राहिला आणि क्वार्टरमध्ये शेळ्यांची करडं वाढली. त्या मुठीचा राग माझा अजून गेलेला नाही.

आता मत मागायला कुणी आला आणि दवाखान्याचं बोलू लागला, की मी एवढंच विचारतो, यात खोट काय? एकही नाही म्हणाला तर चहा पाजतो. उपरणं खांद्यावरच राहतं.