पसंतीचे कारण

नांदगावच्या राजू आहेर यांना गाण्यातले काही कळत नाही, ही गोष्ट केवळ दोन माणसांना ठाऊक होती. एक ते स्वतः आणि दुसरी त्यांची धाकटी बहीण मालन. निदान त्या दोघांची तशी समजूत होती. बाकी नांदगाव, मनमाड, चांदवड या पट्ट्यात रेडिओ ऐकत वाढलेल्या एका पिढीच्या लेखी राजू आहेर म्हणजे चोखंदळ कानाचा माणूस. ज्यांनी त्यांना कधी पाहिले नव्हते त्यांनीही त्यांचे नाव ऐकले होते, आणि ऐकणे हेच त्या काळी ओळखीचे प्रमाण होते.

मालनबाई आता साठी ओलांडून गेल्या आहेत. गंगापूर रोडच्या एका आतल्या गल्लीत त्या सायली या मुलीसोबत राहतात. पती सातपूरच्या कारखान्यात होते; त्यांना जाऊन काही वर्षे झाली. सायली एका वास्तुरचनाकाराच्या कार्यालयात नकाशे काढते. घरात भाजी कोणती, पडदे कोणत्या रंगाचे, सुट्टीत कुठे जायचे, असा प्रश्न निघाला की सायलीचे उत्तर ठरलेले असे: आईला काय, काहीही चालतं. हे ती कौतुकाने म्हणे. ज्या बाईला काहीही चालते ती आपल्याकडे समजूतदार मानली जाते. तिला खरोखर काहीही चालते, की काय चालत नाही हे विचारण्याची रीतच तिच्याभोवती कधी पडली नाही, याची चौकशी सहसा होत नाही.

सत्तरचे दशक संपत आले तेव्हा नांदगावात ‘स्वरगंध श्रोता मंडळ’ नावाची एक संस्था होती. संस्था म्हणजे दहा-बारा पोरे आणि एक ट्रान्झिस्टर. ट्रान्झिस्टर कारभारी आहेर यांचा, म्हणजे राजू आणि मालनच्या वडिलांचा. त्यांचे बी-बियाण्यांचे छोटे दुकान होते आणि दुकानामागे घर. रेडिओ ओट्याकडच्या खिडकीत ठेवलेला असे. त्याचे तोंड बाहेर बसलेल्या पोरांकडे आणि पाठ आत भाकरी थापणाऱ्या मुलीकडे. आवाज मात्र दोन्हीकडे सारखाच जाई. सेल उतरले की मालन ते पत्र्यावर उन्हात ठेवी, म्हणजे आणखी एक-दोन दुपारी निभावत.

मंडळाचे काम एकच, आकाशवाणीला फर्माईश पाठवणे. पोस्टकार्डावर गाणे लिहायचे, खाली सभासदांची नावे, सुचवणाऱ्याचे सर्वांत आधी. कार्ड निवडले गेले तर निवेदक गाण्याआधी ती सगळी नावे वाचून दाखवी, आणि स्टेशनासमोरच्या हॉटेलात, सलूनमध्ये, शिंप्याच्या दुकानात नांदगाव या शब्दासरशी माणसे कान टवकारीत. गाणे सुचवण्याची पाळी प्रत्येकाकडे आळीपाळीने येई. राजू मंडळात होता तो केवळ खिडकी त्याच्या घरची म्हणून. त्याचा जीव कबड्डीत. पाळी आली तेव्हा तो स्वयंपाकघराच्या दारात उभा राहिला आणि एखादे गाणे सांग म्हणाला. मालनने गाणे सांगितले आणि भाकरी उलटता उलटता ते का, हेही सांगितले: शेवटच्या कडव्याआधी बासरी थांबते आणि गाणारी एकटी राहते, म्हणून. राजूने ते वाक्यही प्रामाणिकपणे कार्डावर उतरवले.

निवेदकाने ते वाक्य वाचून दाखवले. फर्माईशीला कारण जोडलेले कार्ड त्याला बहुधा पहिल्यांदाच भेटले असावे. मग प्रत्येक कार्डाला कारण जोडणे ही नांदगावची रीत ठरली, आणि ज्या कारणांची चर्चा होई ती राजूच्या पाळीची असत. एका गाण्याबद्दल लिहिले होते की गाणारा इथे दुःख सांगत नाही, नुसता पत्ता विचारल्यासारखा विचारतो. येवल्यापर्यंतच्या मंडळांनी त्यावर वाद घातला.

आपलेही नाव कार्डावर घालावे, असे मालनने एकदाच वडिलांना विचारले होते. कारभारी कठोर मनुष्य नव्हते. ट्रान्झिस्टर त्यांनीच आणला होता आणि मुलीला दहावीपर्यंत शिकवलेही होते. ते एवढेच म्हणाले की पोरीचे नाव सलूनमध्ये घेतले जाईल, ते बरे नाही. त्यांचे म्हणणे त्या गावाच्या हिशेबाने चुकीचे नव्हते. त्या हिशेबात मुलीची आवड ही झाकून ठेवण्याची वस्तू होती आणि मुलाची आवड मिरवण्याची, एवढेच.

पुढे चांदवडच्या श्रोता मंडळाचे चिटणीस देवराम हे दोन मित्रांना घेऊन एसटीने नांदगावला आले, खास राजूला भेटायला. ओट्यावर सतरंजी अंथरली गेली. देवरामांनी नुकत्याच वाजलेल्या एका गाण्याचा विषय काढून त्यात नेमके काय आवडले, असे विचारले. राजू छपराकडे पाहू लागला. तेवढ्यात मालन चहा घेऊन बाहेर आली आणि खाली मान घालून म्हणाली, “दादा, परवा तू म्हणालास ना, तिसऱ्या कडव्याला तबला मुद्दाम मागं राहतो म्हणून?”

“हां, तेच,” राजू म्हणाला. “लय मागं राहतो.”

देवराम भारावून परत गेले.

मालनचे लग्न झाले आणि ती नाशकात आली. टेपरेकॉर्डर आले, दूरदर्शन आले, मंडळे विरली. राजूची कीर्ती मात्र विरली नाही. त्यांच्या सासऱ्यांनी मुलगी दिली ती मुलाचे नाव रेडिओवर येते म्हणून. मोटार रिवाइंडिंगचे दुकान काढले तेव्हा पहिली गिऱ्हाइके त्या नावानेच आली. चाळीसहून अधिक वर्षे लोक त्यांना गाण्याविषयी विचारीत राहिले आणि ते मंद हसत राहिले. त्या हसण्याला लोक खोली समजले.

गेल्या हिवाळ्यात देवरामांनी जुन्या श्रोत्यांचा मेळावा नाशकात भरवायचे ठरवले. मोबाइलवरच्या गटामुळे विखुरलेली माणसे पुन्हा सापडली होती. गंगापूर रोडवर एक लहान सभागृह मिळाले. राजू आहेर यांचा सत्कार ठरला, आणि त्याची पद्धत जुन्या रीतीला धरून होती: शाल दिल्यावर सत्कारमूर्तीने आपली फर्माईश सांगायची, तिचे कारण सांगायचे आणि मग सगळ्यांनी ते गाणे ऐकायचे.

आदल्या संध्याकाळी राजूभाऊ पत्नीला नातेवाइकांकडे सोडून एकटेच बहिणीच्या घरी आले. चहा झाला. बराच वेळ कांद्याच्या भावाचे बोलणे झाले. मग त्यांनी स्वयंपाकघराच्या दारात उभे राहून, पूर्वी राहत तसेच, एखादे गाणे सांग म्हणून मागणी केली, कारणासकट. सायली बाहेर लॅपटॉपवर काम करीत होती. तिने मान वर केली आणि कसले कारण, असे विचारले. मामांनी अडखळत सगळी हकीकत सांगितली.

“म्हणजे मामा, परीक्षेला बसलात तुम्ही आणि पेपर आईनं लिहिला,” सायली म्हणाली.

“अन् पहिला नंबर आला ना. तीच पंचाईत हे.”

मालनबाई हसल्या नाहीत. त्यांनी गॅस बंद केला. “दादा, शाल तू घे. तुझं नाव आहे, ते मी कधी मागितलं नाही. पण कारण देणार नाही मी. मला काय आवडतं ते आता दुसऱ्याच्या तोंडून ऐकायचं नाही मला.”

“मग मी काय बोलू तिथं?”

“तुझं तू बघ.”

यात राग नव्हता, म्हणून समजूत काढण्यासारखेही काही नव्हते. त्यांच्यासमोर पेच सरळ होता. उसने कारण न मिळता व्यासपीठावर गेले तर पत्नीसमोर, सासरच्या माणसांसमोर, गावासमोर आयुष्यभराची ओळख जाणार. मालनबाईंचे पणाला लागले होते ते याहून लहान दिसणारे. त्यांना एकदा, कोणाच्याही आडून नव्हे, आपली आवड आपली म्हणून ऐकायची होती. मात्र भावाला मान खाली घालायला लावून ती मिळवायची त्यांची तयारी नव्हती. त्यांनी फक्त देणे थांबवले. समाजातल्या पुष्कळ जुन्या व्यवस्था कोणाला पाडाव्या लागत नाहीत. ज्यांच्या मुकाट देण्यावर त्या उभ्या असतात त्यांनी हात आखडला की त्या व्यवस्थांनाच उत्तर शोधावे लागते.

मामा गेल्यावर सायली आईजवळ येऊन बसली आणि कोणते गाणे, असे तिने विचारले. आईला कोणते गाणे आवडते, हे तिने आयुष्यात पहिल्यांदा विचारले होते. मालनबाईंनी सांगितले. ते फोनवर लगेच सापडले, पण आत्ता लावू नकोस, असे त्या म्हणाल्या.

मेळाव्याला सभागृह भरले. पांढऱ्या केसांची माणसे एकमेकांना गावाच्या नावाने हाका मारीत होती. राजूभाऊंना शाल घातली गेली आणि देवरामांनी त्यांच्या हाती माइक दिला.

“मला गाण्यातलं काही कळत नाय,” राजूभाऊ म्हणाले.

सभागृहात कौतुकाचे हसू पसरले आणि टाळ्या पडल्या. खरा जाणकार असाच बोलतो, असे कोणीतरी शेजाऱ्याला सांगितले. राजूभाऊंनी तेच वाक्य पुन्हा म्हटले, तर टाळ्या वाढल्या. इतक्या वर्षांनी माणूस खरे बोलायला उभा राहिला आणि त्याची कीर्तीच ते खरे ऐकू देईना.  मग त्यांनी तिसऱ्या रांगेत बसलेल्या बहिणीकडे पाहिले आणि ते देवरामांकडे वळले.

“देवरामभाऊ, तुम्ही आमच्या ओट्यावर आले होते. तबला मागं राहतो, हे त्या दिवशी कोण बोललं, आठवा बरं.”

देवराम आठवू लागले. “तुम्हीच. म्हणजे, तुम्ही म्हणाला होता असं चहा घेऊन आलेली मुलगी...” त्यांचे वाक्य तिथेच राहिले.

“ती माझी बहीण मालन. ती बसलीय बघा. नाव माझं होतं, कारणं समदी तिची. मी नुसतं लिहायचो.”

आता टाळी वाजली नाही. माणसे वळून पाहू लागली. मालनबाईंच्या शेजारी बसलेल्या राजूभाऊंच्या पत्नीने त्यांच्या हातावर हात ठेवला आणि हळूच म्हटले, “वन्सं, मला लग्नानंतर आठ दिवसांतच कळलं होतं. ह्यांनी घरात कधी रेडिओचं बटण फिरवलं नाय.” ज्या गोष्टीच्या भीतीने राजूभाऊ जन्मभर जपून वागले, ती गोष्ट कळूनही एक बाई त्यांच्यासोबत सुखाने नांदली होती.

देवराम वयाने थकले आहेत, पण समज शाबूत आहे. त्यांनी माइक परत घेतला, आवाज जुन्या निवेदकासारखा खाली आणला आणि म्हणाले, “फर्माईश केली आहे, नांदगावहून, मालन आहेर यांनी.”

माहेरचे ते नाव भरल्या सभेत मोठ्याने घेतले गेले. कोणाला त्यात वावगे वाटले नाही. मालनबाई उभ्या राहिल्या. कारण विचारल्यावर त्या म्हणाल्या, “आधी ऐका. मग सांगते.”

सायलीने गाणे लावले. आता फारसे कोणी ऐकत नाही असे, साधे गाणे. राजूभाऊ शाल सावरीत खाली येऊन बहिणीजवळ बसले. शेवटच्या कडव्याआधी मालनबाईंनी एक बोट किंचित वर केले आणि पुन्हा मांडीवर ठेवले. गाणे संपले.

“गेलं का ते, तू बोट वर केलं तेव्हाचं?” राजूभाऊंनी विचारले.

“गेलं.”

रेडिओवर गेलेले गाणे गेलेलेच असे. ज्याने त्या वेळी ऐकले नाही त्याला पुन्हा संधी नव्हती. राजूभाऊ उठले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असे म्हणाले, “सायली, परत लाव. माझं ध्यान नव्हतं.”

कोणी हसले नाही. गाणे पहिल्यापासून सुरू झाले. या खेपेस मालनबाईंनी बोट वर केले नाही. त्या हात मांडीवर ठेवून नुसत्या बसून राहिल्या. कडवी पुढे सरकली, बासरी आली आणि थांबली. त्या रिकाम्या जागेत राजूभाऊंनी आपण होऊन मान वर केली आणि बहिणीकडे पाहिले.