तुर्की पोराच्या फ्रेमवरचा हार

आधीच सांगते... भूतबाधा, करणी, असल्या गोष्टींवर माझा काडीचा विश्वास नाही. उल्हासनगर कॅम्प पाचमध्ये आमचं फोटो फ्रेमचं दुकान आहे. गेलेली माणसं दिवसभर भिंतीवरून माझ्याकडे बघत असतात. काही व्हायचं असतं तर कधीच झालं असतं ना!

मागच्या वर्षी शेजारचे सिंधी काका एक जुनं चित्र घेऊन आले. कुणा इंग्रजाने वॉटरकलरमध्ये काढलेला तुर्की पोरगा – काळ्या गोंड्याची लाल टोपी, जरीचं जाकीट, ढगळ सलवार. भंगारात मिळालं म्हणाले. काकांचं लहान मुलांच्या कपड्यांचं दुकान, तिथे लावायचं होतं.

आमच्या ह्यांनी फ्रेम केली, काच बसवली, मागून टेप मारली. आणि मग खिळ्याला टांगून, डब्यातून चंदनाचा हार काढून वर घातला! गेलेल्या माणसाच्या फोटोला आम्ही हार फुकट देतो, त्याची सवय. मी भडकलेच. लेकराच्या फोटोला कुणी हार घालतं का? तर ह्यांचं म्हणणं, एवढं जुनं चित्र, तो पोरगा काय अजून जिवंत असणारे? ह्यांच्याशी वाद म्हणजे नुसती डोकेफोड. तेवढ्यात गिऱ्हाईक आलं आणि हार तसाच राहिला.

दुपारी हे जेवायला घरी गेले आणि बदलापूरहून जावईबापूंचा फोन आला. माझ्या लेकीला, वैशालीला आठवा महिना. सकाळपासून बाळ हललंच नव्हतं. दवाखान्यात नेलं होतं, डॉक्टर ठोके शोधत होते. तिचं पहिलं बाळ असंच पोटात गेलं होतं हो...

निघायला उठले तर हार जमिनीवर. उचलून परत घातला. पर्स घेऊन वळते, तर परत खाली! खिळा शाबूत, दोरा शाबूत, पंखा बंद. मला कसली चीड आली काय सांगू. हार डब्यात कोंबला आणि त्या पोरासमोर उभी राहून म्हणाले, "बाळा, तुला कुणी गेलेला म्हणणार नाही. तू आहेस."

हे मी त्याला म्हणाले की लेकीच्या बाळाला, मलाच माहीत नाही. ढसाढसा रडले मात्र.

फोन वाजला. जावईबापूंचाच होता. मागून वैशाली म्हणाली, "आई, लाथ मारली गं!"

योगायोग म्हणा, माझी हरकत नाही. पण संध्याकाळी फ्रेम पुसताना दिसलं – काचेच्या आत, पोराच्या बुटापाशी, हारातला एक चंदनाचा मणी. मागची टेप जशीच्या तशी. हे म्हणाले, काच बसवताना पडला असेल. पण हार तर टेप मारल्यावर डब्यातून निघाला होता! हे फ्रेम उलटी करून परत परत टेप तपासायला लागले.

नात आता चालायला लागलीय, बदलापूरहून आली की दुकान डोक्यावर घेते. आणि फोटो फ्रेमला आला की मी गिऱ्हाइकाला तोंडावर विचारते, माणूस गेलंय ना नक्की? लोकांना राग येतो. येऊ दे.