दुसरं मशीन दाखवा

"हात लावू नको!"

दुकानदारानं लॅपटॉपचं झाकण माझ्या बोटांवरच दाबलं. जोरात नाही. पण सगळ्या दुकानानं बघावं असं.

माझ्या हातात पेनड्राइव्ह होता. त्यात लिनक्स, विंडोजच्या जागी चालणारी फुकटची सिस्टिम. मी एवढंच म्हणाले होते, की घ्यायच्या आधी यावर चालवून बघते.

"व्हायरस घालती का काय मशीनीत? चाचा, पोरीला शिलाई मशीन घेऊन द्या. त्याला विंडोज लागत न्हाई."

लोक हसले. चाचा म्हणजे माझे अब्बा. माझ्यामागं उभे होते. खुर्च्या रिकाम्या होत्या, पण त्यांना बसा कुणी म्हणालं नव्हतं. बसले होते ते क्लासचे सर. लातुरात त्यांचा मोठा क्लास. त्यांच्या नोट्सचं बाइंडिंग अब्बा करायचे.

"आमच्याकडं चिकटवायचं काम करतात हे," सर म्हणाले. "आता पोरगी सॉफ्टवेअर चिकटवणार."

पुन्हा हशा. आणि अब्बाही हसले. सरांकडं बघून, मान खाली घालून. ते हसणं मला लागलं. दुकानदाराचं काहीच लागलं नव्हतं.

भूकंपाआधी अब्बा गावात रजया-गाद्या भरायचे. घर पडलं, त्यात दादी गेली. मला मांडीवर घेऊन अम्मी पत्र्याच्या शेडमध्ये राहिली. मग लातूर. गल्लोगल्ली क्लास निघाले, नोट्सचे गठ्ठे निघाले, अब्बांच्या हाताला बाइंडिंगची खळ लागली ती कायमची. त्या नोट्स मी चिकटवल्या, वाचल्या, पण त्या क्लासात कधी बसले नाही. नांदेडला पॉलिटेक्निकला गेले. तिथं लॅबच्या मॅडमनी जुन्या कॉम्प्युटरवर लिनक्स टाकलं होतं. ते उघडून आत काय चाललंय ते बघायला मनाई नव्हती. मनाई नसलेली एवढी मोठी गोष्ट मी पहिल्यांदाच बघत होते.

मॅडमनी बजावलं होतं, "प्रत्येक लॅपटॉपवर ते नीट चालतंच असं नाही. चालवून बघितल्याशिवाय घेऊ नकोस."

"चल बेटी," अब्बा हळूच म्हणाले. "शेठ देतील तेच घे."

मी हलले नाही.

"घेणारी मी हाय. बघूनच घेईन. मशीनीतल्या डिस्कला हात लागणार न्हाई. तुम्ही इथंच उभं राहून बघा."

दुकानदारानं सरांकडं बघितलं. सरांनी मान हलवली. गंमत बघायची होती त्यांना.

मी पेनड्राइव्ह लावला. पडदा काळा झाला, अक्षरं पळाली, चित्र आलं. वायफाय शोधलं. नाही. पुन्हा शोधलं. नाही.

"मोडलं!" दुकानदार ओरडला. "म्हणलं होतं ना!"

"मोडलं न्हाई. याचं वायफाय चालवणारा ड्रायव्हर माझ्या पेनड्राइव्हमधी न्हाई. दुसरं मशीन दाखवा."

बंद करून पेनड्राइव्ह काढला, परत चालू केलं. त्यांचं विंडोज जसंच्या तसं उघडलं. आता कुणी हसलं नाही.

दुसऱ्यावर वायफाय लागलं. आवाज आला. झाकण लावलं, उघडलं, मशीन झोपेतून उठलं. एकेक बटण दाबून बघितलं. सगळं ठीक.

सर खुर्चीतून उठले. "हुशार हाय की. उद्यापासून क्लासवर ये. आमच्या लॅबचे कॉम्प्युटर बघत जा. पगाराचं काय, घरचीच पोरगी तू. बापाचं काम पण चालू राहील."

'चालू राहील.' तो शब्द अब्बांना माझ्याआधी कळला. त्यांनी माझा दंड धरला.

"हाव म्हण," ते म्हणाले. "हाव म्हण, बेटी."

मी सरांना म्हणाले, "फुकट येणार न्हाई. आणि माझ्या अब्बांचं काम त्यांच्या हातामुळं हाय, माझ्या हो म्हणण्यामुळं न्हाई."

मग दुकानदाराला म्हणाले, "मशीन चांगलं हाय. पण तुमच्याकडून घ्यायचं न्हाई."

बाहेर आलो. अब्बा माझ्या दहा पावलं पुढं चालत होते. एकदाही वळून बघितलं नाही.

तेच मॉडेल मी नांदेडला घेतलं. त्याच्यावरच शिकले, आज सर्व्हर सांभाळते. क्लासचं बाइंडिंग मात्र त्याच आठवड्यात दुसऱ्याकडं गेलं. अब्बा अहमदपूर, भोकर, शिरूर अनंतपाळ करत शाळांची रजिस्टरं शिवत फिरले. या वयात एसटीचे धक्के खाल्ले. ते माझ्यामुळं. मला माहीत आहे.

अम्मी म्हणते, एकदा माफी मागून टाक, बाप आहे.

अब्बांचे पाय मी चेपून देईन. त्यांचं दुखणंखुपणं काढीन, जन्मभर. माफी मागणार नाही. त्या दिवशी ते हसले होते. माझ्या घरात यापुढं कुणी असं हसणार नाही.