काळंच कापणारं यंत्र

समोरच्या घरातून जळका वास आला आणि पाठोपाठ "सेरी, सेरी!", म्हणजे तमिळमध्ये "ठीक, ठीक!", ऐकू आलं की समजायचं, तिथल्या शेजारी मामांनी काहीतरी कापलं. मोडक्या डीव्हीडी रायटरमधला लेसर काढून त्यांनी घरीच कटर बनवला होता. पुठ्ठा, बूच, अप्पळम म्हणजे तिकडचा पापड, केळीचं पान, सगळं त्याच्याखाली जाऊन आलं होतं. "पांढरं उजेड परत फेकतं, काळं गिळतं," ते आपल्या तंजावुरी मराठीत, तमिळ हेल काढत सांगायचे; त्यांचं मराठी घराणं कैक पिढ्यांपूर्वी तंजावरला येऊन तिथलंच झालेलं. थोडक्यात, यंत्र फक्त काळंच धड कापायचं. मामी वैतागायच्या, "शुभकार्याला एक वस्तू उपयोगाची नाही!"

लेकीची पहिली संक्रांत आली. आईनं नाशिकहून हलवा पाठवला, पण चेन्नईत त्याचे दागिने कोण करून देणार? मी मामांना सहज म्हटलं, "काळं झबलं तेवढं शिवून झालंय."

"सणाला काळं?"

"संक्रांतीला काळंच घालतात आपल्याकडे."

ते थबकले. "आमचे लोक हे विसरले काय?" एवढंच म्हणाले आणि गेले.

दुसऱ्या दिवशी काळ्या कार्डपेपरचा नक्षीदार मुकुट, बाजूबंद आणि कमरपट्टा घेऊन दारात हजर. कडांना अजून जळका वास होता. मी त्यावर पांढराशुभ्र हलवा चिकटवत बसले आणि कितीतरी दिवसांनी मला माहेरी असल्यासारखं वाटलं.

बोरन्हाणाला मामा आले ते काळा शर्ट घालून. ऐन पोंगलला! जिन्यातले लोक वळून बघत होते. मामा प्रत्येकाला थांबवून तमिळमध्ये सांगत होते, "आज सण आहे. आमचा."