आप्पांनी वाचलेला खडक

आधीच सांगते, मला भुताखेताचं, देवऋष्याचं काही पटत नाही. केजला माझं शिलाईचं दुकान आहे; दाराला लिंबू-मिरचीसुद्धा मी कधी बांधली नाही... तरी हे लिहितेय, कारण गावात या गोष्टीचं भलतंच काहीतरी होऊन बसलंय.

माझे वडील, आप्पा, जन्मभर मेंढरं राखत आले. शाळेचं तोंड बघितलं नाही. दोन वर्षांपूर्वी लकवा झाला. उजवं अंग गेलं, वाचाही गेली. तेव्हापासून डाव्या हातानं सारखे डोंगराकडं बोट करायचे. आमच्या गावामागं बालाघाटाच्या कड्यात एक खडक आहे. त्यावर ओळीनं अक्षरं कोरलेली आहेत. कुणाची, कधीची, माहीत नाही. मोडी नाही, उर्दू नाही. वाचता कुणालाच येत नाही.

शेवटी या उन्हाळ्यात माझ्या धाकट्या भावानं, दत्तानं, आप्पांना पाठीवर घेतलं आणि आम्ही भर दुपारी वर गेलो. खडकासमोर मी त्यांना कमरेला धरून उभं केलं. त्यांनी उजव्या टोकाच्या अक्षरावर बोट ठेवलं. बोट डावीकडं सरकायला लागलं — आणि आप्पा बोलायला लागले.

बडबड नव्हती ती. स्वच्छ, सावकाश, ओळ संपली की थांबून... आवाज त्यांचाच, लकव्याआधीचा. शब्द मात्र एकही कळेना. उर्दू मी बाजारात रोज ऐकते, कानडी, तेलुगूही कानावर आहे. त्यातलं काही नव्हतं. दत्ता मटकन खाली बसला. मी मात्र आप्पांना धरलेले हात सोडले नाहीत.

शेवटचं अक्षर झालं. आप्पांनी माझ्याकडं मान वळवली. "लीले, झालं बघ," एवढंच म्हणाले. त्यानंतर आजतागायत एक शब्द नाही.

दत्तानं हे गावात सांगितलं. दुसऱ्याच दिवशी सरपंच शेंदूर, नारळ आणि माणसं घेऊन डोंगर चढायला लागले. मंडप घालायचा, आप्पांना तिथं बसवायचं, असं ठरलंही होतं. मला कळलं तशी मी धावत वर गेले आणि खडकाला पाठ लावून उभी राहिले.

"ताई, बाजूला व्हा. देवाचं काम हाय," सरपंच म्हणाले.

"देव हाय का काय हाय, तुमाला ठावं न्हाई आन् मलाबी न्हाई," मी म्हणाले. "पण माझा बाप काय बाबा-महाराज न्हाई. शेंदूर लावायचाच आसंल तर आधी माझ्या तोंडाला लावा."

त्यांनी समजावलं, दमही दिला. मी हलले नाही. ऊन कलल्यावर दत्ता गर्दीतून निघाला आणि माझ्या शेजारी येऊन उभा राहिला. मग माणसं उतरली.

डॉक्टर म्हणतात, लकव्यात पूर्वी पाठ केलेलं कधी कधी तोंडातून येतं. असेल. पण पाठ करून घेतलं कुणी? आप्पांना विचारलं, तर ते नुसते हसतात. काही घरं आता आमच्याशी बोलत नाहीत... न बोलोत. मला अजूनही काही उलगडलेलं नाही. नाही कळलं, तर नाही कळलं म्हणावं. त्यात कसली लाज?