दासीचं पद आणि मानेसरची बस

संगीत नाटकातल्या माझ्या कारकिर्दीत मी आजवर चार चापटा खाल्ल्या आणि एक पद गायले.

मी मुळात गप्प बाई. रिक्षात बसले तरी 'भैया, रोकना' इतकं हळू म्हणते, की उतरायचं ठिकाण मागे राहतं आणि मी पुढच्या चौकातून चालत येते. शाळा चौथीपर्यंत. त्या वर्षी गॅदरिंगमध्ये मला गाणं दिलं होतं. एक ओळ म्हटली, समोरची माणसं पाहिली आणि रडत खाली बसले. पुढच्या वर्षी शाळा सुटली. गाणं अर्धंच राहिलं. त्यानंतर तीस वर्षं मी फक्त कुकरसमोर गायले. (त्याने कधी तक्रार केली नाही. शिट्टी मात्र मध्येच मारायचा.)

आमचे हे दिल्लीजवळ मानेसरला गाड्यांचे पार्ट बनवणाऱ्या कारखान्यात सुपरवायझर. मराठी माणसं भेटावीत म्हणून आम्ही रविवारी मेट्रोने करोल बागेतल्या मंडळात जायचो. तिथे माझं काम ठरलेलं: नाटकातल्या बायकांना नऊवारी नेसवणं. दिल्लीत वाढलेल्या मुलींना ते येत नाही. एकदा काष्टा घालता घालता मी गुणगुणत होते, ते केळकरकाकांनी ऐकलं. काका म्हणजे मंडळाचे लेखक, दिग्दर्शक आणि हार्मोनियमसुद्धा.

"वहिनी, दासीचं काम करा! तिसऱ्या अंकात एक पद आहे."

मी मान हलवली. मला 'नाही' म्हणायचं होतं, पण तोंडात टाचण्या होत्या.

घरी आल्यावर मात्र मी ठरवलं. आता गायचंच. अख्खं गायचं. काकांचं अक्षर मला लागेना, म्हणून लेकीने सगळं मोबाइलमध्ये वाचून भरलं. (तिचाही वाचताना घाम निघाला. "आई, दासी म्हणजे मेड ना?") मी पोळ्या लाटताना ऐकायची. काका त्या पदाला भीमपलास म्हणायचे, मी माझं पद म्हणायची.

अडचण एकच. दुसऱ्या अंकात सेनापती दासीच्या थोबाडीत मारतो. सेनापती होते नोएडाच्या आयटी कंपनीतले पाटील भाऊजी, अतिशय सज्जन. तालमीत हात उचलायच्या आधीच म्हणायचे, "सॉरी वहिनी!"

प्रयोग रविवारी दुपारी दोनला होता. हॉल सहापर्यंतच मिळाला होता, सहानंतर तिथे कोणाची तरी सगाई होती. दीड वाजता बाहेर हॉर्न वाजला. पाहते तर कंपनीची बस! आमच्या ह्यांनी कारखान्यातले अडतीस जण आणले होते. एकालाही मराठी येत नव्हतं.

"अहो, हे काय?"

"तुला धीर यावा म्हणून. त्यांना सांगितलंय, मिसेसचं काम आवडलं की जोरात वन्स मोअर म्हणायचं."

"कामाला नाही हो, गाण्याला म्हणतात!"

"तेच ते. तू जा, टेन्शन घेऊ नकोस."

तेच ते नव्हतं, हे पहिल्या अंकात कळलं. मी तांब्या घेऊन आले, राणीला पाणी दिलं, वळले.

"वन्स मोअर!" अडतीस जण गरजले.

मी विंगेत पळाले. तिथेच हार्मोनियमवर बसलेले काका डोळे पुसत होते. "वीस वर्षं! वीस वर्षं दिल्लीत नाटकं करतोय, पहिला वन्स मोअर आला! जा, परत जा!"

"काका, पाणी दिलंय फक्त."

"पब्लिकने मागितलं की द्यायचं! हा रंगभूमीचा नियम आहे!"

मी परत पाणी दिलं. मग आणखी एकदा. राणी झालेली गौरी, म्हणजे काकांची सून, तिसरा पेला पिता पिता पुटपुटली, "वहिनी, बस ना यार! मला पुढे गायचंय!" ती गायली, छान गायली, पण मानेसरची मंडळी समोसे खात राहिली. त्यांना फक्त मिसेसचं काम सांगितलं होतं!

मग दुसरा अंक आला. भाऊजींनी हळूच चापट मारली.

"वन्स मोअर!!"

भाऊजी पांढरेफटक पडले. विंगेतून काका हातवारे करत होते: द्या, द्या! भाऊजींनी दुसरी मारली. मागून कोणीतरी ओरडलं, "आवाज नहीं आया!" तिसरीला आवाज आला. चौथीला मला तारे दिसले. भाऊजी सेनापतीच्या आवाजात गरजले, "नीच दासी!" आणि लगेच हळूच म्हणाले, "वहिनी, बर्फ आणू का?"

मध्यंतरात माझा डावा गाल पुरीसारखा फुगला होता. लेक म्हणाली, "आई, तू रडतेयस?"

"नाही. गाल तापलाय."

हे अपराधी चेहऱ्याने आले. "त्यांना सांगू का, आता फक्त गाण्याला ओरडा म्हणून?"

"सांगा!" मी म्हटलं. इतक्या मोठ्याने, की ते दोन पावलं मागे सरकले.

तिसरा अंक सुरू झाला तेव्हा पावणेसहा झाले होते. दारात सगाईवाले फुलांच्या टोपल्या घेऊन उभे. हॉलचा माणूस घड्याळ दाखवत होता. काका धावत विंगेत आले. "वहिनी, तुमचं पद कापलं. सरळ राजाला मारू या. पंधरा मिनिटांत त्याला मरायला हवं."

मी काकांकडे पाहिलं. चार चापटा खाऊन मी इथपर्यंत आले होते.

"नाही," मी म्हटलं.

"काय?"

"गाणार."

आणि राजाने विषाचा पेला ओठाला लावायच्या आत मी स्टेजवर गेले. तो बिचारा पेला धरून तसाच उभा राहिला. काका पळत पेटीकडे गेले. मी डोळे मिटले, हात जोडून छातीशी घट्ट धरले आणि सुरुवात केली. सुजलेल्या गालामुळे अर्धी अक्षरं डावीकडे अडकत होती. ती मी उजवीकडून काढली. पहिली ओळ गेली. दुसरी गेली. रडू आलं नाही. अख्खं पद म्हटलं, शेवटच्या तानेसकट!

डोळे उघडले. हॉल चिडीचूप. ना टाळी, ना वन्स मोअर. अडतीसच्या अडतीस जण हात जोडून बसले होते. दारात सगाईवाल्यांची आजीसुद्धा.

तेवढ्यात सहा वाजले आणि हॉलवाल्याने माइक बंद केला. राजा मरायचा राहूनच गेला.

बाहेर बसजवळ ह्यांच्या कारखान्यातल्या यादवजींना मी धीर करून विचारलं, "भैया, गाने के बाद क्यों नहीं चिल्लाए?"

"भाभीजी, आप आँख मूँदके, हाथ जोड़के गा रही थीं। हम समझे भजन है। भजन में कौन चिल्लाता है?"

आठवड्याने काकांचा फोन आला. मला वाटलं, रागावणार.

"वहिनी, नवं नाटक लिहितोय. लोक अजून तुमचं नाव काढतात. चापट तुमच्यासारखी कोणी खात नाही! मोठी भूमिका आहे, तीन चापटा आहेत."

"आणि पद?"

"एक आहे ना, शेवटच्या अंकात."

"ते पहिल्या अंकात घ्या काका," मी म्हटलं. "गाल सुजला की माझी तान एकाच बाजूने निघते."